मुंगी की वाळवी? आधी ओळख, मग खर्च

पहिला पाऊस पडला की वाशीमच्या दुकानांत दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि आपले व्यापारी बांधव लगेच औषध आणतात. आमचे म्हणणे इतकेच, की आधी ओळखा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांहून लांब. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारखे.

वाळवी असेल तर सागवानी चौकटी, वहीखाते, बारदान सारेच धोक्यात. पायाभोवतीच्या मातीत जाणकाराकडूनच औषध घालून घ्यावे.

साखर-गुळावर येणाऱ्या मुंग्यांची गोष्ट वेगळी. फवाऱ्याने दिसणारी रांग मरते, बिळातली राणी अंडी घालीतच राहते. त्यापेक्षा साखरेच्या पाकात शेकडा एक भाग बोरिक पावडर मिसळून, मुले व माल यांपासून दूर ठेवावी. मुंग्या तो पाक बिळात नेतात. प्रमाण वाढवल्यास वाटेतच मरतात व बीळ शाबूत राहते. बीएचसी पावडर तर नकोच. तिच्यावर १९९७ पासून देशात बंदी आहे.

रॉकेल ओतून काडी लावणेही टाळावे. पोत्यांशेजारी आग धोक्याची, शिवाय मुंग्यांचे वारूळ जाळण्यास हदीसमध्ये मनाई आहे. सांडलेला गूळ पुसा, फटी सिमेंटने बुजवा. बिनखर्चाचा उपाय आधी करावा, हाच व्यापाराचा हिशेब.