डोक्यावरून जाणारी टॅक्सी आणि दिवसा झोपणारी माणसे

विजेवर उडणाऱ्या टॅक्सीचे व्हिडिओ आता आपल्या वस्त्यांतही मोबाइलवर फिरतात. इंडिगो विमानसेवेमागचा इंटरग्लोब समूह आणि अमेरिकेतील आर्चर कंपनी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ही सेवा भारतात आणण्याची योजना जाहीर केली. कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत. दिल्लीबरोबर मुंबई आणि बंगळुरूचेही नाव त्यात आहे. मुंबईचे नाव आले की वसई-विरार फार लांब राहत नाही. आपल्या जिल्ह्यात वाढवण बंदराजवळ मुंबईचे तिसरे विमानतळ करण्याचा विचारही सरकारने बोलून दाखवला आहे. आत बसणारा सात मिनिटांत उतरून जाईल, आवाज मात्र खालच्यांच्या वाट्याला येईल.

हे यान हेलिकॉप्टरपेक्षा बरेच शांत आहे, हे मान्य करायला हवे. जोबी कंपनीच्या यानाची नासाबरोबर मोजणी झाली. सुमारे ५०० मीटर उंचीवरून जाताना आवाज ४५ डेसिबलच्या आसपास भरला. पण हा एका फेरीचा आकडा. दिवसभरात फेऱ्या किती, हा खरा प्रश्न. शिवाय तेवढ्याच मोठ्या आवाजात मोटारीपेक्षा ड्रोनची भुणभुण लोकांना जास्त त्रासदायक वाटते, असे नासालाच २०१७ मध्ये आढळले. आणि स्लॅब जेवढा आवाज अडवतो तेवढा पत्रा अडवत नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते ६. आता आपली घरे पाहा. वॉचमन, सफाई कामगार, दवाखान्यातल्या आयाबाई, वालीवच्या कारखान्यांतली रात्रपाळी करणारी मुले पहाटे घरी येतात आणि सकाळी आठला डोळा लागतो. त्यांची रात्र कायद्याच्या लेखी दिवस आहे. हवाई टॅक्सीची गर्दीही कचेरीच्या वेळेलाच असणार.

झोपमोड झाली नाही तरी शरीर आवाज ऐकतेच. लंडनच्या हीथ्रोसह युरोपातील चार विमानतळांजवळ झोपलेल्या माणसांचा रक्तदाब मोजला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष आला: विमानाचा आवाज घरात ३५ डेसिबलच्या वर गेला की वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी वाढत होता, जाग आली नाही तरीही. मुलांचे तर आणखी वेगळे. म्युनिकचे जुने विमानतळ १९९२ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथल्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे घसरले.

(१४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर तान्ही बाळे घेऊन उभे राहणेही याच हिशेबात येते. ते आपल्या हातात आहे.)

घरात रात्रपाळी करणारे कोणी असेल तर महिन्यातून एकदा महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब तपासून वहीत लिहा. झोपताना फोमचे कानबोळे चालतात. आवाज अडावा म्हणून पत्र्याखाली थर्माकोल मात्र लावू नका. आग लागली तर तो भडकतो.

विमानतळाच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तिथे विचारायचे ते एवढेच: उड्डाणाचा मार्ग कोणत्या वस्तीवरून, तासाला किती फेऱ्या, आणि सकाळी आठ ते दुपारी दोन झोपणाऱ्यांचे काय? ज्यांना पाळीमुळे जाता येत नाही, त्यांचे म्हणणे लेखी दिले तरी घेतले जाते.