चित्रपटगृहातील ध्वनीचे माप

भजनास आरंभ होण्यापूर्वी तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला पेटीच्या स्वरात लावून घेतो, हे आपण देवळात नेहमी पाहतो. तबला कितीही उत्तम असो, तो स्वरात लागलेला नसेल तर गवयाचे श्रम व्यर्थ जातात. चित्रपटगृहासही असेच स्वरात लावून घ्यावे लागते, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला आणि आपल्या देशातील चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' या चित्रपटाने मराठी बोलपटाचा पाया घातला. चित्रपट बोलू लागला तेव्हाच एक प्रश्न उभा राहिला: ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आपल्या दालनात जे ऐकले, तेच दूरच्या गावी बसलेल्या प्रेक्षकास ऐकू येते काय? आमच्या पणजीत २००४ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नाना देशांचे चित्रपट एकाच पडद्यावर दाखवितात. त्या सर्वांस न्याय मिळावयाचा, तर माप एकच हवे.

हे माप केवळ कानाने का घेऊ नये, असे कोणी विचारील. कान हे अद्भुत इंद्रिय खरे. परंतु ते फार लवकर सरावते. पाच मिनिटे कर्कश आवाजात बसले की तोच आवाज साधारण वाटू लागतो. म्हणून तंत्रज्ञ मोजमापाचा मायक्रोफोन वापरतात. गायकाच्या हातातील मायक्रोफोन आवाज थोडा खुलवून दाखवितो. मोजमापाच्या मायक्रोफोनने मात्र खर्जापासून तारस्वरापर्यंत सर्वांशी समभावाने वागावयाचे असते. प्रथम त्याचीच परीक्षा होते. त्याच्या टोकावर एक लहान उपकरण बसवितात. त्यातून सेकंदास १,००० कंपनांचा, ९४ डेसिबलचा स्वर निघतो. मापकाने तेवढाच आकडा दाखविला पाहिजे. न दाखविल्यास तो जुळवून घ्यावयाचा.

नंतर मायक्रोफोन प्रेक्षकांच्या जागेत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवतात. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ओलांडला की ही जागा येते. एकाच जागेवर मात्र विसंबत नाहीत. कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी कोठे एकमेकींस बळ देतात, तर कोठे एकमेकींस मारून टाकतात. म्हणून अनेक जागी मोजून सरासरी काढतात.

आता पडद्यामागील ध्वनिक्षेपकांतून 'पिंक नॉइज' नावाचा घोष सोडतात. पावसाळ्यातील दूधसागरचा घोष आठवावा, म्हणजे त्याची कल्पना येईल. या घोषात प्रत्येक सप्तकास सारखीच शक्ती वाटून दिलेली असते. मापक सप्तकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या पट्ट्या पाडून कोणता स्वर फुगला व कोणता दबला, ते दाखवितो. रूढ मानकाप्रमाणे आलेख २,००० कंपनांपर्यंत सपाट असावा व त्यापुढे प्रत्येक सप्तकास ३ डेसिबलने उतरावा. ध्वनिमुद्रणाच्या दालनातही हाच उतार ठेवलेला असतो; म्हणून दोन्हीकडचे ऐकणे जुळते.

मग पातळी ठरते. पडद्यामागील डावा, मधला व उजवा असा प्रत्येक ध्वनिक्षेपक स्वतंत्रपणे ८५ डेसिबलवर आणतात. भिंतींवरील ध्वनिक्षेपकांचे डावा व उजवा असे दोन गट असतील, तर प्रत्येकास ८२ डेसिबल देतात. येथे विद्यार्थ्यांनी थोडे गणित करावे. डेसिबलच्या हिशेबात शक्ती दुप्पट झाली की ३ ची भर पडते. म्हणजे ८२ आणि ८२ मिळून १६४ न होता ८५ होतात!

तथापि यंत्राने सर्वच दोष जात नाहीत. दालन घुमत असेल, तर बटणे फिरवून काय होणार? १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि घुमणे किती घटते ते घड्याळावर मोजले. चित्रपटगृहातील गालिचे, पडदे व मऊ भिंती यांचे मर्म हेच होय.

इतके करूनही एक संकट उरते. जाहिराती कानठळ्या बसवितात, प्रेक्षक तक्रार करतात आणि चालक आवाज उतरवितो. मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर तो पुन्हा मूळ खुणेवर आणावयाचे राहून जाते. मग नायिकेचे हळू बोललेले वाक्य मागे बसलेल्या आजीच्या कानी पोहोचत नाही आणि ती शेजारच्या नातवास विचारते, "काय म्हणाली रे ती?" त्या एका वाक्यासाठी लेखक, नटी व ध्वनिमुद्रक यांनी किती परिश्रम घेतले असतील! ते आजीपर्यंत अखंड पोहोचावेत, एवढ्याचसाठी हा मोजमापाचा खटाटोप आहे. माप अचूक असावे. आणि एकदा घेतलेले माप पाळण्याची शिस्तही असावी, असे आम्हांस वाटते.