सिरियल, सिरीज आणि सिरियम

मध्यंतरी एका शाळेत आवर्तसारणीविषयी बोलायला गेलो होतो. फळ्यावर 'सिरियम' लिहिताच एका मुलाने विचारले, "सर, हे मूलद्रव्य सिरियलमध्ये असते का?" वर्गात हशा पिकला. बाकीच्यांना टीव्हीवरची मालिका आठवली; त्याच्या मनात मात्र न्याहारीचे कॉर्नफ्लेक्स होते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मालिका या अर्थाचा 'सिरियल' शब्द 'सिरीज' म्हणजे ओळ या लॅटिन शब्दापासून आला. विजेच्या एकसर जोडणीला इंग्रजीत 'सिरीज' म्हणतात तेही याच अर्थाने. तृणधान्य या अर्थाचा 'सिरियल' वेगळा. त्याचे स्पेलिंग 'एस'ने नव्हे, 'सी'ने सुरू होते. धान्याच्या रोमन देवतेच्या नावावरून तो घडला. गंमत अशी की, या देवतेच्या नावाचा इंग्रजी उच्चारही 'सिरीज'च! देवनागरीत लिहिताना तर स्पेलिंगमधला फरकही पुसला जातो.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझ्झी यांना एक नवी खगोलीय वस्तू दिसली. तिला त्यांनी याच देवतेचे नाव दिले. मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणारी ही वस्तू आधी ग्रह, मग लघुग्रह आणि २००६ पासून बटुग्रह मानली जाते. हा शोध ताजा असतानाच, १८०३ मध्ये, स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांना एका खनिजात नवे मूलद्रव्य आढळले. आकाशातल्या त्या नव्या पाहुण्यावरून त्याचे नाव ठेवले 'सिरियम'.

म्हणजे त्या मुलाने नावांचे नाते अचूक ओळखले होते. चुकला तो पुढच्या पायरीवर. सिरियम गव्हा-मक्यातून मिळवत नाहीत. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते असते. पेट्रोमॅक्सच्या मँटलमध्ये थोरियम ऑक्साइडबरोबर सुमारे १ टक्का सिरियम ऑक्साइड असे. लायटरच्या ठिणगी पाडणाऱ्या खड्यातही सिरियम असते.

स्पेलिंगवरही डोळे मिटून विसंबू नये. मोठ्या मेंदूचे 'सेरेब्रम' हे नाव त्याच अक्षरांनी सुरू होते, पण त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मेंदू. रक्तातले 'सिरम' ऐकायला जवळचे. मूळ अर्थ मात्र फाटलेल्या दुधाचे पाणी.

नाव ठेवणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते, एवढेच नावावरून कळते. वस्तूत काय आहे, हे तपासूनच ठरवावे लागते. असा प्रश्न वर्गात आला, तर आधी मुलाला शाबासकी द्यावी आणि मग या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवाव्यात.