धुळीचे पांघरूण

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते. त्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते. ही उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. वातानुकूलन यंत्र, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात एसी म्हणतो ते यंत्र, याच नियमावर चालते. फ्रीजही याच नियमावर चालतो.

माठ आणि एसी यांत एक फरक मात्र आहे. माठातून निघालेली वाफ हवेत मिसळून जाते, म्हणून माठ पुन्हा पुन्हा भरावा लागतो. एसीमध्ये तोच तो द्रव फिरवून वापरला जातो. हा द्रव म्हणजे साधे पाणी नव्हे. तो अगदी कमी तापमानाला उकळणारा पदार्थ असतो. आजच्या अनेक एसींत आर-३२ नावाचा पदार्थ वापरतात. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो शून्याखाली सुमारे ५२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. लोक त्याला सरसकट 'गॅस' म्हणतात.

एसीचा शोध माणसांच्या सुखासाठी लागला, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा काबूत ठेवणारे यंत्र तयार केले. त्यातूनच पुढे आजचा एसी घडला.

आता एसीचे काम कसे चालते ते पाहू. भिंतीवरच्या एसीचे दोन भाग असतात. एक खोलीत आणि दुसरा बाहेर. दोन्ही भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडलेले असतात. आतल्या भागात त्या पदार्थाची वाफ होते आणि तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. ही वाफ बाहेरच्या डब्यात येते. तेथे कॉम्प्रेसर नावाचे यंत्र तिला जोराने दाबते. दाबल्यामुळे वाफ खूप तापते. मग ती नागमोडी नळ्यांच्या एका जाळीतून जाते. या जाळीला कंडेन्सर म्हणतात. तेथे एक पंखा सतत बाहेरची हवा जाळीतून ओढत असतो. वाफ आपली उष्णता या हवेला देते आणि पुन्हा द्रव बनते. हा द्रव अरुंद वाटेने आत जातो, त्याचा दाब उतरतो आणि तो पुन्हा उष्णता शोषू लागतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालत असेल, तर तो खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट इतकी उष्णता उचलतो. त्यासाठी तो साधारण दीड किलोवॉट वीज खातो. या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या जाळीला एकूण पावणेसात किलोवॉट उष्णता हवेत सोडावी लागते. हे काम नीट झाले नाही, तर आतले कामही नीट होत नाही.

म्हणूनच ही जाळी विचारपूर्वक बनवलेली असते. तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या दाटीने बसवलेल्या असतात. दोन पट्ट्यांमधले अंतर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते. या पट्ट्यांमुळे हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. पण याच बारीक फटींत धूळ अडकते. पंखा हवा ओढतो तेव्हा हवेबरोबर धूळ, केस, पिसे आणि धागेही ओढले जातात. हवा पुढे निघून जाते आणि कचरा जाळीवर बसतो. काही महिन्यांत जाळीवर जणू गोधडीच पांघरली जाते.

या धुळीच्या पांघरुणाचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम असा की, उष्णतेची वाट अडते. तांब्यातून उष्णता फार सहज वाहते. धुळीच्या थरात मात्र कणांच्या मधे हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता मोठ्या मुश्किलीने जाते. लोकरीचे कपडे आपल्याला उबदार वाटतात, ते याच कारणामुळे.

दुसरा परिणाम याहून मोठा आहे. फटी बुजल्यामुळे हवेचीच वाट अडते. समजा, जाळीतून जाणारी हवा निम्मी झाली. आता तेवढीच उष्णता निम्म्या हवेला न्यायची आहे. म्हणजे त्या हवेला दुप्पट तापावे लागणार. हवा जास्त तापायची, तर जाळी त्याहूनही जास्त तापली पाहिजे. जाळी जास्त तापली की आतल्या वाफेचा दाबही वाढतो. आर-३२ ची वाफ ४५ अंशांना द्रव होत असेल, तर तिचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २८ पट असतो. तीच क्रिया ५५ अंशांना होऊ लागली, तर हा दाब सुमारे ३५ पट होतो. एवढ्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला काम करावे लागते.

विहिरीतून पाणी काढण्याचे उदाहरण घ्या. पाणी जितके खोल, तितके ते ओढायला कष्ट जास्त. एसीही उष्णता खालच्या तापमानातून वरच्या तापमानाकडे ओढत असतो. जाळी जितकी तापलेली, तितकी ही विहीर खोल. जाळीतले तापमान १ अंशाने वाढले, तर विजेचा खर्च साधारणपणे २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. १० अंशांनी वाढले, तर तो २० ते ३० टक्क्यांनी वाढेल. दीड किलोवॉटचा एसी रोज ८ तास पूर्ण जोराने चालला, तर त्याला १२ युनिट वीज लागते. त्यात २० टक्के वाढ म्हणजे रोज जवळजवळ अडीच युनिट. महिन्याला ती सत्तर युनिटांहून जास्त होते. हे पैसे थंडाव्याचे नसतात, केवळ धुळीचे असतात. यंत्रावर तारे कितीही असोत. ते स्वच्छ यंत्राची परीक्षा घेऊन दिलेले असतात.

शिवाय वीज जास्त जाऊनही खोली नीट गार होत नाही. गार होत नाही म्हणून लोक एसी आणखी जास्त वेळ चालवतात. कॉम्प्रेसर तापून मधेच बंद पडू लागतो. असे वारंवार होत राहिले, तर एक दिवस तो जळतो. कॉम्प्रेसर हा एसीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे.

अशा वेळी पुष्कळ घरांत म्हणतात, "एसीतला गॅस संपला." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. तो कमी झाला असेल, तर नळीला कोठेतरी गळती आहे, असे समजावे. गळती न शोधता नुसता गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून गॅसचा विचार करण्याआधी बाहेरची जाळी एकदा पाहून घ्यावी. अनेकदा खरा दोष धुळीचाच असतो.

धूळही सगळीकडे सारखी नसते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावांत कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात आणि जाळीला चिकटतात. मुंबईत बांधकामांचे सिमेंट आणि कबुतरांची पिसे यांचा त्रास असतो. कोकण किनाऱ्यावर खारी हवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना खाते. चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेथे बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की, जाळीवर थोडी धूळ बसली तरी यंत्र दमते.

आपल्याकडे एसी नाही, मग हे कशाला वाचायचे, असे कोणाला वाटेल. पण फ्रीजलाही कंडेन्सर असतो. जुन्या फ्रीजच्या मागे जी काळी जाळी दिसते, तोच तो. वर्षातून दोन वेळा बटण बंद करून, तारेची पिन काढून मऊ ब्रशने ती झाडावी. अनेक नव्या फ्रीजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत लपलेली असते, म्हणून त्यांच्या बाजू गरम लागतात. अशा फ्रीजभोवती हवा खेळायला जागा सोडावी. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये. आरोग्य केंद्रातील फ्रीजचा विचार करा. बालकांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. तेथे जाळी तुंबली आणि तापमान चढले, तर नुसते विजेचे बिल वाढत नाही, लसही वाया जाऊ शकते.

आता सफाईकडे वळू. एसीच्या आतल्या भागातील हवेची जाळी तुम्हीही धुऊ शकता. यंत्र बंद करून ती काढावी, नळाच्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवून परत बसवावी. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे करावे. बाहेरच्या डब्याचे काम मात्र जाणकार मिस्त्रीचे आहे. तो आधी वीज तोडतो. वीज तोडल्यावरही डब्यातील कपॅसिटर काही वेळ भारलेला राहतो आणि जोराचा धक्का देऊ शकतो, हे त्याला माहीत असते. मग तो मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवतो. आडवा फिरवला तर पट्ट्या वाकतात आणि फटी पुन्हा बुजतात. त्यानंतर तो हलक्या धारेने आतून बाहेर पाणी मारतो. धूळ बाहेरून आलेली असते, म्हणून तिला आलेल्या वाटेने परत पाठवायचे. बाहेरून जोराची धार मारली, तर धूळ आणखी आत रुतते. तेजाब तर कधीच वापरू नये, कारण ते ॲल्युमिनियमला खाते.

ही सफाई पुष्कळदा उंच इमारतीच्या खिडकीबाहेर करावी लागते. मिस्त्रीने पट्टा बांधल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये आणि घरमालकानेही त्याला घाई करू नये. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालणे योग्य नाही. मुलांनी तर खिडकीबाहेर वाकूही नये.

घरी एक प्रयोग करून पहा. मोठ्या माणसांच्या मदतीने दोन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एका पेल्याला जाड टॉवेल गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. पाव तासाने दोन्ही पेल्यांतील पाणी तपासा. टॉवेलमधले पाणी अजून गरम असेल. धुळीचे पांघरूण घेतलेल्या जाळीची स्थिती अशीच असते. तिला आपली उष्णता सोडायची असते, पण सोडता येत नाही.

एसी आणि फ्रीज दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, दोन वर्षांत मिळते. हे काम शिकलेल्या हातांना आपल्या गावातही मागणी आहे आणि आखाती देशांतही. पण मिस्त्री होवो वा न होवो, प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे : यंत्र विकत घेतल्याने आपली जबाबदारी संपत नाही. वेळेवर केलेल्या सफाईने वीज वाचते, पैसा वाचतो आणि यंत्रही पुष्कळ वर्षे साथ देते.