मांडीवरचं बाळ आणि विमानाचं तिकीट

महाडच्या किंवा पोलादपूरच्या स्टँडवरून एसटीत बसताना पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट कोणी काढत नाही. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट. रेल्वेतही वेगळी जागा मागितली नाही तर पाच वर्षांखालच्या मुलाचे पैसे पडत नाहीत. हाच हिशेब डोक्यात ठेवून आईवडील विमानाचं तिकीट काढायला बसतात, आणि पहिला घोळ तिथेच होतो. "तीन वर्षांचं तर आहे, बसेल की मांडीवर," हे विमानात चालत नाही.

विमानातली सीमा दोन वर्षांची आहे. दुसरा वाढदिवस झाला की मुलाला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, आणि देशातल्या स्वस्त विमानांत तिचं भाडं बहुतेक वेळा मोठ्या माणसाइतकंच असतं. त्याखालचं बाळ मांडीवर बसतं, पण तेही फुकट नाही: कंपनी त्याचं ठरावीक शुल्क घेते आणि तिकिटावर बाळाचं नाव असावं लागतं. वय धरतात ते प्रवासाच्या दिवसाचं. जाताना तेवीस महिन्यांचं असलेलं बाळ परतीच्या आधी दोन पूर्ण करणार असेल, तर परतीला सीट हवी. शिवाय एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ. आपल्या भागातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत आणि त्यांच्या बायका एकट्याच मुलांना घेऊन तिकडे जातात. जुळी असतील तर अशा आईला एकासाठी सीट घ्यावीच लागेल, आणि एवढ्या लहान बाळाला सीटवर कसं बसवायचं, त्याला कोणती खुर्ची चालते, हे कंपनीला आधीच विचारून ठेवावं लागेल.

कागदपत्रांबाबत दोन टोकांचे समज आहेत. एक, तान्ह्या बाळाला कसले कागद? दुसरा, आईच्या पासपोर्टवर नाव घातलं की झालं. देशातल्या देशात जातानाही काउंटरवर बाळाच्या वयाचा पुरावा मागतात. जन्मदाखला सोबत असला की प्रश्न उरत नाही. परदेशात जाताना महिन्याभराच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. हा दाखला घर जिथं आहे तिथं मिळत नाही, बाळ जिथं जन्मलं तिथं मिळतो. बाळंतपण महाडच्या दवाखान्यात झालं असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून काही हाती लागणार नाही. दाखल्यात बाळाचं नाव घातलेलं आहे ना, तेही बघा. नोंद बारशाआधी होते, आणि नावाचा रकाना अनेकदा कोराच राहतो.

आता कान. सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही इथेच होतात. विमान वर चढताना कान दुखतील म्हणून आई धावपट्टीवरच बाळाला पोटभर पाजते, कानात कापूस घालते, वर टोपडं बांधते. खरा त्रास बहुधा विमान उतरताना होतो.

पोलादपूरच्या माणसाला हे सांगायला विमान लागत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथून आंबेनळी घाट उतरून खाली येताना कानात दडे बसतात, आवंढा गिळला की 'टक्' होऊन सुटतात. उंचावर हवेचा दाब कमी असतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीनं घशाशी जोडलेली असते. वर चढताना आतली जास्तीची हवा त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नळी दबून बसते, आणि गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय उघडत नाही. विमानाच्या आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे आंबेनळीपेक्षा मोठा उतार, आणि तोही साधारण अर्ध्या तासात. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्यांना जास्त जाणवतं.

तेव्हा दूध राखून ठेवायचं ते उतरण्यासाठी. विमान खाली येऊ लागल्याची सूचना झाली की बाळाला डोकं वर राहील असं धरून पाजायला घ्या. झोपलं असेल तर हळूच उठवा. झोपेत गिळणं कमी होतं. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या. कापसाचा उपयोग नाही, तो पडद्याच्या बाहेर राहतो आणि अडचण पडद्याच्या आत असते. बाळ रडलं तर घाबरू नका. रडताना ते गिळतं, त्यानंही नळी उघडते. शेजारचा काय म्हणेल याची लाज तर मुळीच बाळगू नका. कानाला ठणका असेल, नाक गच्च असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अगदी नवजात असेल, तर मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवायला हवं.

"थोडं सर्दीचं औषध पाजा, गपगार झोपेल," हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. अशा औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त चिडचिडी होतात. गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळणंही तसंच. जायफळ जास्त झालं तर बाधतं, आणि आकाशात दवाखाना नसतो.

याउलट ज्याची कोणी भीती बाळगत नाही, ते म्हणजे मांडी. "मी घट्ट धरीन" हे विमान जोरात हादरलं की खरं ठरत नाही. त्या झटक्यापुढे हातांचा जोर पुरत नाही. मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा असतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवतात. दिला नाही तर मागून घ्या. दोघांना मिळून एकाच पट्ट्यात कधीही बांधू नका, कारण झटक्यात आईचं सगळं वजन बाळावर येतं. ऑक्सिजनचे मास्क खाली आलेच तर आधी आपला लावायचा. आईच्या काळजाला हे उलटं वाटतं, पण शुद्ध हरपलेली आई बाळाला मास्क लावू शकत नाही.

सीट निवडायचे पैसे भरले नाहीत तर मूल दुसरीकडे बसवतात, ही भीती आता धरायचं कारण नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच बुकिंगवर असलेल्या आई किंवा वडिलांजवळ जागा द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. बाळाचं दूध, पेज, उकळलेलं पाणी प्रवासापुरतं हातातल्या पिशवीत नेता येतं. तपासणीला ते बाहेर काढून दाखवायचं. अडतं ते आजीनं प्रेमानं बांधून दिलेलं सुकं खोबरं. त्यात तेल भरपूर असल्यानं ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. ते घरीच ठेवा.

राहिला रस्ता. गाडी लागणारं मूल बहुधा विमानाआधी महामार्गावरच ओकतं, म्हणून निघताना पोट तडस भरू नका आणि वेळ हाताशी ठेवा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली आहेत. तो आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे, त्यामुळे वाशीची खाडी ओलांडावी लागत नाही. पण आता मुंबईचे विमानतळ दोन झाले. गाडीवाल्याला "एअरपोर्टला सोड" एवढंच सांगू नका. तिकिटावर कोणत्या विमानतळाचं नाव आहे ते आदल्या रात्री वाचा आणि तेच त्याला सांगा.