घाम वाळल्यावर किती जळते?

कोल्हापूरच्या मोतीबाग, गंगावेश किंवा शाहूपुरी तालमीतल्या पैलवानाचा खुराक ऐकला की आपण तोंडात बोट घालतो. लिटरांनी दूध, वाटीने तूप, वर बदामाची थंडाई! एवढे पचवूनही गड्याचे अंग पिळदार राहते. पण तालीम सुटली, लग्न झाले, संसार लागला की चार-पाच वर्षांत त्याच गड्याचे पोट सदऱ्यात मावत नाही. असे माजी पैलवान गावोगावी आहेत, आपल्या भावकीतही असतील.

हे असे का होते? गावात एक समजूत पक्की आहे की, मेहनतीचे अंग दिवसभर तापलेले असते, खाल्लेले आपोआप जळून जाते. ही समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी बाजू समजून घेतली तर घरातल्या ताटाचा हिशेब नीट लागेल.

आपले गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. काहील उतरली, जळण टाकणे थांबले, तरी चुलवाण लगेच गार पडत नाही. शरीराचेही तसेच आहे. मेहनत थांबली तरी श्वास जोरात चालतो, छाती धडधडते, अंग गरम राहते. थकलेल्या स्नायूंना पुन्हा शक्तीचा साठा भरायचा असतो, झीज भरून काढायची असते. या कामांना प्राणवायू लागतो आणि उष्मांक, म्हणजे कॅलरी, जळतात.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२०च्या दशकात याला 'प्राणवायूचे कर्ज' म्हटले. मेहनतीच्या वेळी घेतलेली उचल शरीर नंतर धापा टाकून फेडते, असा त्याचा अर्थ. पुढच्या संशोधनात दिसले की शरीर घेतल्यापेक्षा जास्तच फेडते. म्हणून १९८४ साली दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'कर्ज' हा शब्द सोडून 'व्यायामानंतरचा जादा प्राणवायू' असे सरळ नाव सुचवले.

आता कोणत्या व्यायामानंतर हे चुलवाण जास्त वेळ गरम राहते ते पाहू.

बांधावरून रमतगमत चालणे, हलकी भांगलण अशा संथ कामानंतर शरीर थोड्याच वेळात, फार तर तासाभरात, पूर्वपदावर येते. एका लयीत दमसास टिकवून पळालो तर थोडा जास्त वेळ लागतो. पण झटापटीची मेहनत वेगळी. हौद्यातली लढत, जोर, बैठका, सपाटे, जड मुद्गल फिरवणे, किंवा जीव तोडून पळणे, थोडे थांबणे, पुन्हा पळणे. असल्या मेहनतीचा परिणाम कित्येक तास टिकतो. कामाची वेळ वाढवली तर मागाहूनचे जळणे बेताने वाढते, पण कामाचा जोर वाढवला तर ते झपाट्याने वाढते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग रोज दहा मिनिटे जोर मारावेत आणि दिवसभर खुशाल खावे! थांबा. हिशेब मांडू.

७० किलो वजनाचा माणूस ५ किलोमीटर पळाला तर सुमारे ३५० उष्मांक जळतात. मेहनत थांबल्यावर जे जास्तीचे जळतात, ते अनेक प्रयोगांत मेहनतीच्या वेळच्या जळणाच्या ६ ते १५ टक्केच भरले आहेत. म्हणजे आपल्या गड्याला मागाहून मिळाले २० ते ५० उष्मांक. गुळाच्या भाषेत सांगायचे तर ५ ते १३ ग्रॅमचा खडा! चहात दोन चमचे साखर जास्त घातली की हा सारा नफा संपला.

म्हणून ध्यानात ठेवा. पैलवानाचा खुराक घरी बसल्यावर जळत नव्हता, तो हौद्यातच जळत होता, सकाळ-संध्याकाळ, तासन् तास. मेहनत सुटली आणि ताट तेच राहिले की उरलेले सगळे अंगावर चढते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात लढले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात लढून त्यांनी कांस्यपदक आणले. वजनी गटात उतरणाऱ्या मल्लाला ताट आणि मेहनत यांचा मेळ घालावाच लागतो.

हा हिशेब फक्त पैलवानाचा नाही, आपल्या घराचाही आहे. आजोबा औतामागे दिवसभर चालत. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, उसाला पाणी मोटार पाजते. आजी जात्यावर दळत होती, डोक्यावरून पाणी आणत होती. आज पिठाची गिरणी आहे, दारात नळ आहे. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले. पण ताट मात्र आजोबांचेच राहिले. मग चाळिशीत साखरेचा आजार घरात शिरला तर नवल काय?

मेहनतीचा मागाहूनचा खरा लाभ इथेच आहे. उष्मांक थोडेच जळतात, पण राबलेले स्नायू पुढे एक-दोन दिवस रक्तातली साखर अधिक सहजपणे ओढून घेतात. हा गुण दोन दिवसांनी ओसरतो. म्हणून रविवारी एकदाच अंग मोडेपर्यंत कष्ट करून आठवडाभर बसण्यापेक्षा रोज किंवा दिवसाआड थोडी मेहनत बरी. सलग दोन दिवसांहून अधिक खाडा पडू देऊ नका.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी सांगितले आहे की आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम करावे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि दोन दिवस झेपतील तेवढ्या बैठका. घरातल्या बायकांनीही हे करावे. भाकरी थापून हात दुखतात, पण त्याने दम वाढत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी मात्र जोराची मेहनत हळूहळू वाढवावी. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचे असते. दमसास आणि झटका, दोन्ही लागतात. या वयात ताट कापू नये; राबणाऱ्या अंगाला भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे पोटभर द्यावेत.

चाळिशी उलटलेल्यांनी एकदम जोर मारायला उतरू नये. जोर-बैठका करताना श्वास कोंडून धरू नये, त्याने रक्तदाब चढतो. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब किंवा साखर असेल तर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावे.

आणि घरात कुणी माजी पैलवान असतील तर त्यांचा खुराक एकदम तोडून त्यांना दुखवू नका. आधी तूप थोडे कमी करा, आणि पहाटे त्यांना घेऊन बांधावरून चालायला निघा.