नाही म्हणा, पण कारण सांगा

आज आपण नकाराबद्दल बोलू या. नकार देणं चूक नाही. गटाची शिल्लक 20 हजार आणि मागण्या 50 हजारांच्या, तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. त्रास होतो तो मुक्या नकाराचा. कारण नाही, काही नाही, नुसतं "नाही".

बैठकीत हे कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक ताई शेळ्यांसाठी कर्ज मागते. अध्यक्ष विचारतात, "काय गं, द्यायचं का?" कुणी खाली बघतं, कुणी नुसती मान हलवतं. इतिवृत्तात दोन शब्द पडतात, "मागणी नामंजूर". तिचे तीन हप्ते थकलेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोंडावर वाईट कोण होणार? मग ती ताई घरी जाऊन कारण स्वतःच शोधते. मी खालच्या आळीची म्हणून. आमच्या समाजाची मी एकटीच म्हणून. अध्यक्षांच्या जावेशी माझं वाजलं होतं म्हणून. पुढच्या बैठकीला ती येत नाही, मग बचतही थांबते. आम्ही ज्या गटांत फिरतो तिथे गट मोडायची सुरुवात बरेचदा अशा न बोललेल्या गोष्टीतून झालेली दिसते.

बायका गप्प बसतात त्यालाही कारण आहे. पाण्यावर, दळणाला, लग्नकार्यात रोज एकमेकींची तोंडं बघायची असतात. म्हणून कारण माणसावर नको, व्यवहारावर हवं. "तू बुडवशील" असं म्हटलं तर भांडणच होईल. "तीन हप्ते बाकी आहेत, दोन भरले की पुढच्या महिन्यात तुझी मागणी घेऊ" असं म्हटलं तर तिला पुढचा रस्ता दिसतो. हेच वाक्य इतिवृत्तात लिहा आणि सह्या होण्याआधी वाचून दाखवा.

आता बँकेचं बघू. "तुमचं होत नाही", "साहेब नाही म्हणाले" एवढं ऐकून किती बायका परत येतात! जायचं-यायचं भाडं गेलं, रोज बुडाला आणि हातात काहीच नाही. रिझर्व्ह बँकेने 2003 साली कर्ज देणाऱ्या बँकांसाठी वागणुकीची नियमावली काढली. 2 लाखांपर्यंत कर्ज मागणाऱ्या लहान कर्जदाराचा अर्ज नाकारला, तर मुख्य कारणं लेखी कळवायची, असं त्यात आहे. 2007 मध्ये हे सगळ्या कर्जांना लागू केलं. अर्ज मिळाल्याची पोच द्यायची, हेही त्याच नियमावलीत आहे.

आम्हाला यात पोच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोंडी विचारलं आणि तोंडी नाही मिळालं, तर कागदावर अर्जच झालेला नसतो. मग कारण कशाचं मागणार?

कारण कळलं की निम्मं काम होतं. गटाचं असेल तर वह्या अपुऱ्या, बैठका अनियमित किंवा जुनी थकबाकी, हे आपल्याला सुधारता येतं. एकटीच्या अर्जात कधी सिबिल आडवं येतं. दिराच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली असते, त्याने हप्ते थकवले आणि नोंद आपल्या नावावर. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चुकीची नोंद असेल तर दुरुस्ती मागता येते.

लेखी मागूनही बँक कारण देत नसेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, चौकशीचा फोन 14448. मात्र लोकपाल कर्ज मंजूर करून देतील, या आशेवर जाऊ नका. ते काम बँकेचंच.

सरकारी योजनेचा अर्ज नाकारला असेल तर माहितीचा अधिकार कायदा, 2005 आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणं कळवायची, असं त्याच्या कलम 4 मध्येच लिहिलंय.

बँकेला द्यायचं पत्र दोन ओळींचं पुरतं: "आमच्या गटाने अमुक तारखेला दिलेला कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्याचे समजले. त्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत." खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. दोन प्रती करा, एक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन गटाच्या फायलीत लावा.